त्रेचाळिसावा ऑप्शन

“बेचाळीस झाले?”

“झाले, सर.”

“म्हणजे एक राहिला.”

“एक राहिला.”

“मग बसून काय राहिलात, घाटपांडे? त्या एकाला काय अक्षता देऊन बोलवायचंय?”

उकिडवे सर माझ्या टेबलाशी उभे होते. मंगळवार, सकाळचे सव्वादहा. गेले पाच आठवडे ते रोज याच वेळेला याच जागी येऊन हाच आकडा विचारत. मी सांगितला की मान हलवत आणि आपल्या खोलीत निघून जात. एकदाच, आकडा दोन दिवस तिथेच अडकला होता तेव्हा, ते खुर्ची ओढून बसले होते आणि तासभर काहीच बोलले नव्हते. मी त्या तासात तीन ऑप्शन पुरे केले. माणसाकडून काम करून घ्यायची ही पद्धत मी नंतर अनेकांवर वापरून पाहिली. सगळ्यांना जमत नाही.

एरंडवण्यातल्या एका बंगल्याच्या पहिल्या मजल्यावर आमची कंपनी होती. ‘पारवा’ नावाची ऑपरेटिंग सिस्टीम आम्ही करत होतो. लॅपटॉपवरची नव्हे, गावोगावच्या दूध संकलन केंद्रांवर फॅट मोजायची यंत्रं असतात, त्यांच्या पोटातली. असली सिस्टीम म्हणजे दोन हजार तुकडे. कुठला आधी बांधायचा, कुठला नंतर, कशाला काय लागतं, याच्या याद्या असतात, आणि त्या याद्या वाचून सगळं एकत्र बांधणारं एक अवजार असतं. आमच्या अवजाराचं नाव ‘गवंडी’. वीस वर्षांपूर्वी उकिडवे सरांनी ते एकट्याने लिहिलं होतं, आणि तेव्हापासून ते त्यांना एकट्यालाच कळत होतं.

सरांचं दुखणं ते हेच. अठ्ठावन्नाव्या वर्षी ते निवृत्त झाले, पुष्पगुच्छ झाला, आणि चौथ्या दिवशी गवंडी अडला म्हणून परत आले. साठाव्या वर्षी पुन्हा पुष्पगुच्छ, पुन्हा परत. एकसष्टाव्या वर्षी कंपनीचे मालक होनप साहेब यांनी पुष्पगुच्छ आणायचं बंद केलं. वहिनी दोन वर्षांपूर्वीच कोकणात आंजर्ल्याला बांधलेल्या घरात राहायला गेल्या होत्या. रोज दुपारी दीडला, डबा उघडला की, त्यांचा फोन यायचा. सर फोन स्पीकरवर ठेवून जेवायचे, त्यामुळे वहिनींना आम्ही कुणी पाहिलेलं नव्हतं तरी त्यांचा आवाज सगळ्या ऑफिसच्या ओळखीचा होता.

“अहो, पंपाला नवीन मोटर बसवली.”

“बरं केलंस.”

“तुम्ही येऊन बसवणार होतात ती.”

“हं.”

“मी हल्ली दोन ताटं घेत नाही हो. आधी घ्यायचे सवयीनं.”

त्या दिवशी सरांनी डबा अर्धाच मिटला.

मग होनप साहेबांच्या डोक्यात आलं की गवंडीच काढून टाकावा. बाहेरच्या जगात सगळे वापरतात असं एक तयार, फुकट अवजार होतं, ते आणायचं. सरांनी त्याचं नाव ठेवलं ‘आयता’. होनप साहेबांची अट एकच: आपल्या लोकांना आपल्या आज्ञा बदलाव्या लागता कामा नयेत. गवंडीला काम सांगताना पुढे अक्षरं लावावी लागत. मायनस एस लावलं की गुपचूप काम कर, मायनस के लावलं की एक तुकडा बिघडला तरी बाकीचे चालू ठेव. असे त्रेचाळीस ऑप्शन होते, आणि ते गेल्या वीस वर्षांतल्या शेकडो स्क्रिप्टांमध्ये, म्हणजे आज्ञांच्या फायलींमध्ये, पसरलेले. आयत्याला ते सगळे जसेच्या तसे कळले पाहिजेत. हे काम माझ्याकडे आलं. त्रेचाळीस ऑप्शन ज्या दिवशी चालतील, त्या दिवशी उकिडवे सरांना कार्यमुक्तीचं पत्र, असं होनप साहेबांनी भर मीटिंगमध्ये कबूल केलं होतं. तारीखही ठरली होती. येता शुक्रवार.

राहिला होता तो मायनस क्यू.

“सर, क्यू नेमकं काय करतो?” मी विचारलं. “माहितीपुस्तिकेत नुसतं ‘राखीव’ लिहिलंय. आणि एकूण एक स्क्रिप्टमध्ये तो आहे.”

“असणारच. नवीन स्क्रिप्ट कुणी लिहितं का इथे? जुनी उचलायची, नाव बदलायचं.”

हे खरं होतं. नव्या यंत्राला पहिल्यांदा सुरू करताना आमच्याकडे हळदकुंकू लावत, तसाच मायनस क्यू लावत. मी अकरा जणांना का म्हणून विचारलं. नऊ जण म्हणाले, “लावायचा असतो.” एक म्हणाला, “काढून बघ.” आणि एकाने विषय बदलला.

“पण करतो काय तो?”

“काही नाही करत.” सरांनी चष्मा काढून शर्टाच्या टोकाने पुसला. “आयत्याला सांगा, क्यू आला तर ऐकून घ्यायचा आणि सोडून द्यायचा. दोन ओळींचं काम आहे. आणि टेस्ट त्या जुन्या मशीनवर करा, नव्यावर नको. जुनं ओळखीचं आहे.”

ते गेल्यावर पलीकडच्या टेबलावरून फैयाज इनामदारने खुर्ची फिरवली. फैयाज आमचा टेस्टिंगवाला. कुठल्याही कामात खोट निघाली की त्याचा चेहरा सुनेची चूक सापडलेल्या सासूसारखा उजळायचा.

“वीस वर्षं जो काही करत नाही, तो प्रत्येक स्क्रिप्टमध्ये आहे?”

“आपल्याकडे असे लोकही आहेत की.”

“लोकांचं कारण समजतं. ऑप्शनचं काय?”

मी दोन ओळी लिहिल्या. क्यू ऐकायचा, सोडून द्यायचा. जुन्या मशीनवर, म्हणजे ऑफिसातल्या जुन्या कॉम्प्युटरवर, सगळे तुकडे बांधायचा बिल्ड लावला, तासाभरात सुखरूप पार पडला. त्रेचाळीस. सरांना मी ते सांगितलं नाही. मला हातात काही राखून ठेवायची सवय आहे.

बुधवारी सकाळी आले तर फैयाज माझ्या टेबलाशीच उभा. चेहरा उजळलेला.

“काल जाताना मी नव्या मशीनवर लावून गेलो.”

“नको म्हणाले होते ना सर?”

“म्हणूनच लावला.”

“मग?”

“दहा वेळा चालवला. सहा पास, चार नापास. आणि गंमत ऐक, चारही वेळा वेगवेगळ्या जागी. एकदा वजनकाट्याच्या तुकड्यात, एकदा प्रिंटरच्या, एकदा—”

“मशीन खराब असेल.”

“तेच मशीन, जुना गवंडी. दहापैकी दहा.”

त्याला मी म्हटलं, बघते, आणि एवढ्यात कुणाकडे बोलू नकोस. मग गवंडीचं पोट उघडून बसले. सरांचं लिखाण वाचणं म्हणजे सदाशिव पेठेत पत्ता शोधणं. सगळं जागच्या जागी असतं, पण विचारल्याशिवाय कुणी सांगत नाही. दुपारी तीनला मला क्यू सापडला. अकरा ओळी. वर टीप नाही, नाव नाही, नुसती तारीख. वीस वर्षांपूर्वीची.

एखादा तुकडा बांधताना बिघडला आणि क्यू लावलेला असला, तर गवंडी कुणाला काही न बोलता पाच सेकंद थांबायचा आणि तोच तुकडा पुन्हा बांधून पाहायचा. दुसऱ्यांदा जमलं तर पुढे जायचा. पहिल्यांदा बिघडलं होतं याची कुठे नोंदही ठेवायचा नाही.

मी खुर्चीत मागे रेलले. आमच्या याद्याच चुकीच्या होत्या. प्रिंटरच्या तुकड्याला अक्षरांचा तुकडा आधी तयार लागतो, हे यादीत कुणी लिहिलंच नव्हतं. मशीन एका वेळी अनेक तुकडे बांधतं. कधी अक्षरं आधी तयार होतात, कधी प्रिंटर आधी पुढ्यात येतो आणि आपटतो. पाच सेकंदांनी पुन्हा पाहिलं की तोवर अक्षरं तयार. जुन्या, हळू मशीनवर असं क्वचित व्हायचं. नव्यावर सारखं होणार. आणि अशा किती जागा असतील देव जाणे. वीस वर्षं त्या कुणाला दिसल्याच नव्हत्या.

आता सरांचं बोलणं मी पुन्हा एकदा ताळून पाहिलं. काही करत नाही. सोडून द्यायचा. जुन्या मशीनवर टेस्ट करा. सगळं एका ओळीत बसत होतं: शुक्रवारी जुन्या मशीनवर सगळं गोड दिसणार, सरांच्या हातात पत्र पडणार, सर आंजर्ल्याला. सोमवारपासून सगळं काम नव्या मशीनवर जाणार, तिथे पारव्याचे पंख गळणार, आणि आयत्याची जबाबदारी कुणाची? घाटपांडेची.

खरं सांगायचं तर मला राग आला नाही. कौतुकच वाटलं. इतका सरळ दिसणारा माणूस इतका बेमालूम निसटतो!

गुरुवारी मी त्यांना गच्चीवर गाठलं. दुपारच्या चहानंतर ते तिथे पाच मिनिटं फेऱ्या मारत. बारा पावलं या टोकाला, बारा त्या टोकाला, मध्ये पाण्याची टाकी.

“सर, क्यूबद्दल एक विचारायचं होतं.”

“सोडून दिला ना?”

“दिला. पण नव्या मशीनवर—”

“नव्या मशीनवर कशाला गेलात?” ते थांबले. चेहऱ्यावर चोरी पकडल्याचा भाव मला हवा होता. होता तो नुसता थकवा. “घाटपांडे, तुम्ही गवंडी वाचलात का?”

“नाही, सर,” मी म्हटलं. का म्हटलं ते तेव्हा कळलं नाही. राखून ठेवायची सवय, दुसरं काय.

त्यांनी टाकीला हात टेकला. मग म्हणाले, “नका वाचू. शुक्रवार जाऊ दे. सोमवारी काय होईल ते होईल.”

“म्हणजे काही होणार आहे?”

“बारा पावलं आहेत ही गच्ची,” सर म्हणाले. “पूर्वी मला वाटायचं, चौदा आहे.” आणि फेऱ्या मारू लागले.

खाली आले तर होनप साहेबांचा निरोप. होनप साहेब एका मीटिंगमध्ये ‘आपला परिवार’ हे शब्द सरासरी चार वेळा वापरत. कुणाची रजा नाकारायची असली की सात. त्या दिवशी त्यांनी ते एकदाही वापरले नाहीत, तेव्हाच मी सावध झाले.

“शर्मिष्ठा, बस. तुझं कॉन्ट्रॅक्ट सहा-सहा महिन्यांचं आहे नाही का?”

“चौथं चालू आहे, सर.”

“उद्या उकिडवे सर जातायत. बिल्डला एक जबाबदार माणूस लागेल. कायमचा. मी तुझं नाव घ्यायचं म्हणतोय.” त्यांनी पेपरवेट फिरवला. “फक्त उद्या सगळं चालायला हवं. एक जरी ऑप्शन लटकला, तर सरांना आणखी सहा महिने थांबवावं लागेल. मलाही आवडणार नाही, पण काय करणार? चालतंय ना सगळं?”

हा त्यांचा ठरलेला प्रश्न. कुणी काहीही घेऊन गेलं, अर्ज, तक्रार, लग्नाची पत्रिका, ते विचारत, “चालतंय ना?” आणि चालतंय म्हटलं की फाइल मिटत.

“चालतंय, सर.”

टेबलावर येऊन मी मांडणी केली. क्यूचं खरं सांगितलं तर सर अडकणार, पुन्हा सहा महिने, कदाचित कायमचे. आणि माझी जागा गेली. गप्प बसले तर सर सुटणार, पण सोमवारी मी तोंडघशी. तिसरी वाट अशी होती की आयत्यालाच ते शिकवायचं. बिघडलं की पाच सेकंद थांब, पुन्हा कर, बोलू नकोस. सर सुटतात, यंत्रं चालतात, मी कायम होते. शिवाय ते गुपित आता या अख्ख्या इमारतीत सरांनंतर एका मलाच माहीत असणार. ही चौथी बाब मी तेव्हा मांडणीत धरली नव्हती असं मला सांगता आलं असतं. पण धरली होती.

चौदा ओळी झाल्या. सरांच्या अकरा होत्या. मला त्यांच्याइतकं आटोपशीर लिहिता येत नाही. रात्री दहापर्यंत नव्या मशीनवर दहापैकी दहा.

“काय केलंस?” फैयाजने विचारलं.

“वरवरचं होतं काहीतरी.”

“काय वरवरचं?”

“फैयाज, पास झालं ना?”

“तेच खटकतंय,” तो म्हणाला; पण त्याने अहवालावर सही केली.

शुक्रवारी अकराला सगळे मोठ्या खोलीत जमायचे होते. बर्फीचा पुडा आला होता, पुष्पगुच्छही. वर्षभरानंतर होनप साहेबांनी हात सैल सोडला होता. सर नवा, घडीच्या रेघा दिसणारा शर्ट घालून आले होते. बॅग सोबतच आणली होती; दुपारच्या गाडीचं आरक्षण होतं. पावणेअकराला फैयाज उत्साहात त्यांच्याजवळ गेला.

“काका, तुम्ही उगाच भीत होता. नव्या मशीनवर पण दहापैकी दहा!”

सर म्हणाले, “कधी?”

“काल रात्री. शर्मिष्ठानं केलं.”

मला वाटलं होतं, सर हसतील. सुटलेल्या माणसाने सोडवणाऱ्याकडे बघून हसावं तसं. ते उठले, माझ्या टेबलाशी आले, आणि हळूच म्हणाले, “जरा बाहेर ये.”

त्यांनी आजवर ऑफिसातल्या कुणालाही, चहावाल्यालासुद्धा, ‘तुम्ही’ सोडून हाक मारली नव्हती.

जिन्याच्या मधल्या वळणावर ते थांबले. “क्यू लिहिलास?”

“लिहिला.” मग मी ठेवणीतलं वाक्य काढलं. “तुम्ही मला सोमवारी बुडवणार होतात, सर. मी तुम्हालाही वाचवलं आणि मलाही.”

“बुडवणार?” त्यांनी कठडा धरला. “अगं, मोडणार होतं ते. मोडायलाच हवं होतं. त्या वर्षी पहिल्या शंभर यंत्रांची डिलिव्हरी होती, याद्या चुकलेल्या होत्या, दुरुस्त करायला वेळ नव्हता. मी अकरा ओळी घातल्या. म्हटलं, डिलिव्हरी होऊ दे, मग काढतो. मग काढायला गेलो की होनप म्हणायचा, चालतंय ना? मी वीस वर्षं तीन महिने मागतोय. फक्त तीन महिने, याद्या नीट करायला. दर वेळी तेच. चालतंय ना? आणि दोनदा बिघडलं की फोन मलाच. तिसऱ्यांदा कसं चालवायचं ते मला एकट्याला माहीत.”

“पण मग सोमवारी—”

“सोमवारी आयता आपटला असता. रोज आपटला असता. परक्या अवजारावर होनपला ओरडता येत नाही, ते कुणाचा नोकर नाही. झक मारत याद्या उघडाव्या लागल्या असत्या, तीन महिने द्यावे लागले असते. दोनशे चौदा जागा आहेत. मी सगळ्या लिहून ठेवल्यायत. आंजर्ल्याहून फोनवर एकेक सांगितली असती.”

“मग मला का नाही सांगितलंत?”

“सांगितलं असतं तर तुला होनपच्या तोंडावर खोटं बोलावं लागलं असतं. न कळता मोडलं की कुणाचा दोष नसतो.” त्यांनी कठडा सोडला. “मी सुटायला बघत होतो, हे खरंच आहे. पण तुला आत टाकून नव्हे.”

वरून फैयाजने हाक मारली, साहेब बोलावतायत म्हणून.

“अजून काढता येईल,” सर म्हणाले. “दहा ओळी असतील नाही तर वीस. दोन मिनिटांचं काम आहे. आत जाण्याआधी काढ.”

मी वर आले. माझं टेबल आणि मोठी खोली यांच्यामध्ये सात-आठ पावलांचं अंतर होतं. स्क्रीन उघडाच होता. होनप साहेब दारात उभे राहून हसत होते, आणि त्यांच्या हातात दोन लिफाफे होते. वरच्यावर सरांचं नाव होतं. खालच्यावरचं मला अर्धंच दिसलं, पण माझं नाव लांबलचक आहे, अर्धं पुरलं.

“या, या. शर्मिष्ठा, पुढे ये. हं, मग सगळ्यांसमोर सांग. त्रेचाळीसच्या त्रेचाळीस?”

सर माझ्या मागे येऊन थांबले होते. त्यांचा श्वास मला ऐकू येत होता. मी खुणेनंही नाही म्हटलं असतं, तर त्यांचा लिफाफा परत खिशात गेला असता, हे त्यांनाही ठाऊक होतं. तरी ते मागून म्हणाले, अगदी हलक्या आवाजात, “खरं सांग.”

“चालतंय ना?” होनप साहेबांनी विचारलं.

“चालतंय, सर.”

टाळ्या वाजल्या. सरांनी लिफाफा घेतला, न उघडता बॅगेत ठेवला, बर्फीचा तुकडा घेतला आणि पुष्पगुच्छ फैयाजच्या हातात दिला. माझ्याजवळून जाताना त्यांनी एक जाड वही माझ्या टेबलावर ठेवली. “दोनशे चौदा,” एवढंच म्हणाले, “वेळ मिळाला तर.” मी खालचा लिफाफा उघडून वाचत होते. तो दोनदा वाचला. मान वर केली तेव्हा जिन्यावर त्यांची पावलं वाजत होती, एकसष्ट वर्षांच्या माणसाची वाटू नयेत अशी.

तेवढ्यात त्यांच्या खोलीतला फोन वाजला. सगळे माझ्याकडे बघू लागले. होनप साहेबांनी हाताने खूण केली, जा की, आता ती खोली तुझीच.

मी गेले. उचलला.

“उकिडवे साहेब हायत का?” पलीकडे आमची यंत्रं जोडणाऱ्या कुठल्यातरी कारखान्यातला टेक्निशियन होता, धापा टाकत. “दोनदा लावला बिल्ड, दोन्ही येळंला पडला. साहेब काय म्हणत्यात, आता तिसऱ्या खेपंला कसा लावायचा?”

खाली फाटकाची कडी वाजली. खिडकीतून हाक मारली असती तर त्यांना ऐकू गेली असती.

“ते नाहीत,” मी म्हटलं. “बोला. मी आहे.”